कापलेले आतडे, जुळवलेले जिवाणू

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन माणूस बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातून (गोमेकॉतून) घरी आला, की आठवड्याभरात घरच्यांना एक सल्ला मिळतो. तो कधी ओळखीचा औषधविक्रेता देतो, कधी मोबाईलवर फिरत आलेली चित्रफीत देते, कधी मुंबईत नोकरी करणारा भाचा देतो. सल्ल्याचा आशय असा: आतड्यातले उपयुक्त जिवाणू ऑपरेशनमध्ये आणि प्रतिजैविकांत मारले गेले आहेत. प्रत्येकाचे जिवाणू निराळे असतात. तेव्हा शौचाचा नमुना तपासायला पाठवा, कोणते जिवाणू कमी आहेत याचा अहवाल येईल आणि त्याबरहुकूम खास तुमच्या रुग्णासाठी जुळवलेल्या प्रोबायोटिक कॅप्सूल मिळतील. असा नमुना घरून मागवून अहवाल देणाऱ्या कंपन्या आता भारतातही आहेत. पेडणे-डिचोलीतल्या माणसाला त्यासाठी घराचा उंबरठाही ओलांडावा लागत नाही.

हे मत मला मान्य नाही. पण खोडायचे तर आधी ते पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, असा हिशेब इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील रॉन मायलो आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडला. त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात राहतात. शस्त्रक्रियेआधी पुष्कळदा रेचक देऊन आतडे धुतात आणि प्रतिजैविके देतात. मग रोगट भाग कापून दोन टोके जोडतात. ही जोड गळणे ही शल्यविशारदाची सर्वांत मोठी धास्ती. शिकागो विद्यापीठातील जॉन अल्वर्डी आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की एन्टेरोकोकस फीकॅलिस हा जिवाणू जोडीच्या जागचे कोलॅजेन कुरतडतो आणि जोड सुटायला मदत करतो. म्हणजे टाके कितीही कुशलतेने घातले, तरी तिथे कोणते सूक्ष्मजीव वस्तीला आहेत याला महत्त्व आहे. त्याच वर्षी ग्रीसमधील एक चाचणी प्रसिद्ध झाली. कर्करोगासाठी मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या 164 रुग्णांपैकी काहींना चार प्रकारच्या सूक्ष्मजीवांची कॅप्सूल, काहींना तशीच दिसणारी निर्जीव कॅप्सूल दिली. आदल्या दिवसापासून सुमारे पंधरवडा. गंभीर गुंतागुंत निर्जीव गटात 48.8 टक्के, तर प्रोबायोटिक गटात 28.6 टक्के. जोड गळण्याचे प्रमाण 8.8 टक्क्यांवरून 1.2 टक्क्यांवर आले. हे आकडे वाचून कोणाचेही मन वळेल.

पण त्या चाचणीत नेमके काय केले होते? प्रोबायोटिक गटातील प्रत्येकाला एकच कॅप्सूल दिली होती. कोणाच्याही शौचाचा नमुना तपासून कोणासाठी काही जुळवले नव्हते. रुग्णानुरूप प्रोबायोटिकचे समर्थक ज्या पुराव्यावर उभे राहतात, तो पुरावा सरसकट सर्वांना दिलेल्या गोळीचा आहे. तो मान्य केला तर निष्कर्ष एवढाच निघतो, की विशिष्ट चार सूक्ष्मजीव विशिष्ट वेळी दिल्याने फायदा झाला असावा. नमुना, अहवाल, जुळवणी या साऱ्या खर्चाचा त्यात कुठेच संबंध येत नाही. शिवाय मधल्या टप्प्यावर चांगले निकाल दिसल्यामुळे ही चाचणी ठरल्या वेळेआधी थांबवली गेली होती, आणि अशा लवकर थांबवलेल्या चाचण्यांत फायदा वास्तवापेक्षा मोठा दिसण्याचा धोका असतो, हे वैद्यकीय संख्याशास्त्रात सर्वज्ञात आहे. यानंतरच्या अनेक चाचण्या एकत्र करून काढलेले निष्कर्ष जंतुसंसर्ग कमी झाल्याचे सांगतात. मात्र त्या चाचण्यांत जिवाणूंचे वाण वेगळे, मात्रा वेगळी, दिवस वेगळे. त्यातून उद्या पेडण्याच्या रुग्णाला कोणती कॅप्सूल लिहून द्यायची हे ठरत नाही.

जिवाणू देऊन आतडे सुधारण्याच्या या कल्पनेला एक जुना इतिहास आहे. तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण त्यात मोठ्या आतड्याची शस्त्रक्रिया आणि उपयुक्त जिवाणू एकाच कुळातून निघालेले दिसतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील एली मेचनिकॉफ यांना 1908 मध्ये रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी पाउल एर्लिक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. मोठे आतडे ही शरीरातली कुजण्याची जागा असून तिथल्या विषांनी माणूस म्हातारा होतो, असे त्यांचे ठाम मत होते. बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध पितात म्हणून दीर्घायुषी होतात, तेव्हा त्या दुधातले जिवाणू घ्यावेत, हा त्यांचा उपाय. त्याच मतावर विसंबून लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले नामांकित शल्यविशारद सर आर्बथनॉट लेन यांनी निराळा मार्ग धरला. विष तयार करणारे आतडेच काढून टाका! नुसत्या बद्धकोष्ठासाठी त्यांनी माणसांची मोठी आतडी कापली. 1913 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या मतावर दीर्घ वादविवाद झाला आणि पुढे ते मागे पडले. मेचनिकॉफ लहान शास्त्रज्ञ नव्हते, लेन यांचा हात कच्चा नव्हता. सुसंगत वाटणाऱ्या सिद्धांताला पुराव्याची वाट पाहवली नाही, आणि त्याची किंमत ज्यांचे आतडे निरोगी होते अशा रुग्णांनी मोजली. आजचे प्रोबायोटिकचे शास्त्र मेचनिकॉफ यांच्यापेक्षा कितीतरी पुढे गेले आहे. पण सिद्धांत सुंदर आहे म्हणून तो रुग्णाला लावायचा, ही घाई अजून गेलेली नाही.

आता रुग्णानुरूपतेच्या मुद्द्याकडे. या पक्षाचा सर्वांत आवडता आधार म्हणजे वाइझमन संस्थेतीलच एरान एलिनाव आणि एरान सेगल यांच्या गटाने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेले दोन शोधनिबंध. प्रोबायोटिक घेतल्यावर काहींच्या आतड्याच्या अस्तरावर ते जिवाणू रुजतात, काहींच्या आतड्यात अजिबात रुजत नाहीत, हे त्यांनी दाखवले. म्हणून प्रत्येकासाठी वेगळी कॅप्सूल हवी, असे समर्थक म्हणतात. हे दाखवणारा पहिला निबंध पुरता वाचला तर त्यातून दुसरेच निघते. कोणाच्या आतड्यात जिवाणू रुजले हे समजण्यासाठी संशोधकांना स्वयंसेवकांच्या आतड्यात एंडोस्कोप घालून अस्तराचे नमुने घ्यावे लागले, कारण शौचातले जिवाणू आणि अस्तरावरचे जिवाणू सारखे नसतात. शौचात प्रोबायोटिक सापडले म्हणून ते आतड्यात रुजले असे ठरत नव्हते. घरून पाठवलेल्या नमुन्याच्या आधारे कॅप्सूल जुळवणाऱ्यांचा पायाच इथे डळमळतो.

दुसरा निबंध याहून महत्त्वाचा आहे आणि त्याचा उल्लेख क्वचितच होतो. प्रतिजैविके घेतलेल्या 21 निरोगी स्वयंसेवकांचे तीन गट केले. एका गटाला काहीच दिले नाही, दुसऱ्याला 11 वाणांचे प्रोबायोटिक दिले, तिसऱ्याला प्रतिजैविकांआधी साठवून ठेवलेले त्यांचे स्वतःचेच शौच परत आतड्यात दिले. तिसऱ्या गटाची मूळ वस्ती काही दिवसांत परतली. ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांची वस्ती हळूहळू सावरली. प्रोबायोटिक घेतलेल्यांची मात्र सर्वांत उशिरा, महिनोन्महिने रखडली. बाहेरून आणलेले जिवाणू तिथे बसल्यामुळे घरच्या जिवाणूंना परतायला अडथळा झाला. हे निरोगी माणसांवरचे काम आहे, संख्या लहान आहे, तेव्हा यावरून कर्करोगाच्या रुग्णाबद्दल अंतिम विधान मीही करणार नाही. पण जो पक्ष हे संशोधन स्वतःच्या बाजूने उद्धृत करतो, त्याने त्याचा हा अर्धा भागही वाचकापुढे ठेवायला हवा. स्वतःचेच शौच परत देणे हा खरा रुग्णानुरूप उपाय वाटेल. तरी ज्याच्या आतड्यात कर्करोग वाढला, त्याची शस्त्रक्रियेआधीची जिवाणूंची वस्ती जशीच्या तशी परत आणावी का, हाच मोठा प्रश्न आहे.

अहवालात लिहितात, अमुक जिवाणू कमी, तमुक जास्त. कोणाच्या तुलनेत? पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातील योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये भारतीयांच्या आतड्यातील जिवाणूंची इतर देशांतील लोकांशी तुलना केली, तेव्हा भारतीयांत प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा या कुळांचे प्रमाण ठळकपणे अधिक आढळले. भोपाळच्या आयसरमधील विनीत शर्मा यांच्या गटाने 2019 मध्ये भोपाळ आणि केरळमधील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण तपासले. पाश्चात्त्य संशोधनात फ्युसोबॅक्टेरियमचे नाव पुढे असते. इथे फ्लेव्होनिफ्रॅक्टर प्लॉटी नावाचा, वनस्पतींतील फ्लेव्होनॉइड द्रव्ये मोडणारा जिवाणू रुग्णांत ठळकपणे दिसला. भारतातल्या भारतातही भोपाळ आणि केरळ यांचे आहार वेगळे, म्हणून वस्तीही वेगळी. मग उकड्या तांदळाची पेज, मासळीची आमटी आणि कोकमाचे सार यांवर वाढलेल्या पेडण्याच्या माणसाचे स्वाभाविक प्रमाण कोणी मोजले आहे? ज्याचे प्रमाण ठरलेले नाही, त्यातली तूट भरून काढण्याचा दावा मला स्वीकारता येत नाही.

‘बरे, फायदा नाही झाला तरी अपाय काय?’ हा शेवटचा आणि सर्वांत परिणामकारक युक्तिवाद. घरातले माणूस आजारी असताना हा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर नेदरलँड्समध्ये 2008 साली मिळाले. तीव्र स्वादुपिंडदाहाच्या 298 रुग्णांवर तिथे प्रोबायोटिकची चाचणी झाली. संसर्ग कमी होईल अशी आशा होती. प्रोबायोटिक गटात 16 टक्के रुग्ण दगावले, दुसऱ्या गटात 6 टक्के. प्रोबायोटिक गटातील नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, दुसऱ्या गटात असे एकही उदाहरण नव्हते. तो आजार वेगळा होता, हे खरे. पण आतडे रक्ताविना कासावीस असताना जिवाणूंचा जादा भार घातक ठरू शकतो, हे वैद्यकाने तेव्हा शिकून घेतले. 2019 मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयातील अतिदक्षता विभागात सहा रुग्णांच्या रक्तात लॅक्टोबॅसिलस सापडला, आणि जनुकीय तपासणीत तो दिलेल्या प्रोबायोटिकमधलाच निघाला. सॅकॅरोमायसिस बुलार्डी या यीस्टचे रक्तात संक्रमण झाल्याच्या नोंदीही आहेत, विशेषतः मोठ्या शिरेत नळी असलेल्या रुग्णांत. कर्करोगाच्या अनेक रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर साधारण महिना-दोन महिन्यांत केमोथेरपी सुरू होते. पांढऱ्या पेशी घटतात, शिरेत नळी असते. कॅप्सूल घ्या असा आग्रह नेमका याच महिन्यांत होतो. भारतात ही उत्पादने बहुधा औषध म्हणून नव्हे, आरोग्यपूरक अन्न म्हणून विकली जातात. रोजच्या मात्रेत किमान 10 कोटी जिवंत जिवाणू असावेत असा दंडक आहे, पण अन्नाला रोगावर गुण सिद्ध करावा लागत नाही.

प्रोबायोटिकविषयी मला आकस नाही. ओडिशाच्या ग्रामीण भागात 4,556 नवजात बालकांवर झालेल्या आणि 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लँटेरमचा एक वाण सात दिवस दिल्याने जंतुदोष आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. या चाचणीचे प्रमुख पिनाकी पाणिग्रही यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे अनेक वाण पारखून एक निवडला, एक रोग ठरवला, एक वयोगट ठरवला. भारतातल्या खेड्यात, गरिबांच्या घरात, इतके पक्के काम होऊ शकते. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णाबाबत ते अजून झालेले नाही, एवढेच माझे म्हणणे.

मग रुग्णागणिक उपचार नकोत का? हवेतच, आणि कॅप्सूलच्या समर्थकांना वाटतात त्याहून अधिक. दोन रुग्ण कल्पून पाहू. एक मांद्र्याचा, त्याच्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढलेला. दुसरी मयेची, तिच्या गुदाशयाचा बराचसा भाग काढलेला, आणि जोडीला विसावा मिळावा म्हणून काही महिने लहान आतडे पोटावर आणून पिशवी लावलेली. दोघांचीही तक्रार एकच: पोट ठिकाणावर नाही, सारखे जावे लागते. दोघांनाही कोणी प्रोबायोटिक सुचवील.

मांद्र्याच्या रुग्णाच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग उजव्या भागासोबत गेला आहे. पित्तक्षार तिथेच शोषले जाऊन यकृताकडे परत जातात. तो भाग नसला तर ते मोठ्या आतड्यात उतरतात आणि जेवल्यावर पाण्यासारखे जुलाब होतात. यावर पित्तक्षार बांधून ठेवणारी कोलेस्टायरामिनची पूड गुण देते. तुकडा किती लांबीचा गेला यावर ब-12 जीवनसत्त्व कमी पडणार की नाही तेही ठरते, आणि ते रक्ततपासणीत कळते. जिवाणूंनी पित्तक्षार शोषण्याचे हरवलेले यंत्र परत येत नाही.

मयेच्या बाईची गोष्ट निराळी. पिशवी असेपर्यंत तिला सर्वांत मोठी भीती पाणी आणि मीठ वाहून जाण्याची. दिवसाला दीड-दोन लिटरांच्या वर पिशवी भरू लागली तर मूत्रपिंडे थोड्या दिवसांत दुखावतात. एप्रिल-मे महिन्यांत, काजूच्या मोसमात डोंगरावर जाणारी बाई असेल तर अधिकच. इथे घरचे प्रेमाने दोन चुका करतात: नुसते पाणी भरपूर पाजतात, आणि शहाळे देतात. नुसत्या पाण्याने मीठ अधिक वाहून जाते. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडे. तिला हवे असते ते ओआरएस, आणि मीठ घातलेली घट्ट पेज. तांदळाच्या पिठापासून केलेले ओआरएस पटकीच्या साथींत बांगलादेशात अभ्यासले गेले आहे. आपल्या पेजेत तोच तांदूळ आहे, मीठ मात्र मापून घालायला हवे. मूत्रपिंडाचा वा रक्तदाबाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. पिशवी बंद झाल्यावर तिची दुसरी अडचण सुरू होते. गुदाशय म्हणजे साठवणीची जागा, ती गेली, म्हणून दिवसातून अनेकदा, लागोपाठ, घाईने जावे लागते. डेन्मार्कमध्ये 2012 साली यासाठी पाच प्रश्नांची एक साधी मोजपट्टी तयार झाली. इसबगोल, लोपेरामाइड, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम यांनी पुष्कळ सुधारणा होते. या त्रासात साखळीहून बांबोळीला बसने जाताना वाटेत शौचालय कुठे आहे याची चिंता बाईच्या मनात पहिली असते. त्या चिंतेपायी पुढच्या तपासण्या चुकू नयेत, याची काळजी कोणत्याही जिवाणूच्या अहवालात नसते.

घरच्या आंबवलेल्या पदार्थांचेही सांगतो, कारण कॅप्सूल नाकारणारे पुष्कळदा दुसऱ्या टोकाला जातात आणि ताक, आंबील, सुरेने फुगवलेल्या सान्नां यांनाच औषध ठरवतात. सान्नां उकडतात, तेव्हा त्यातले यीस्ट मरते. ताकात जिवंत जिवाणू असतात, पण कोणते आणि किती हे कोणालाच माहीत नसते. चरकाने ग्रहणी आणि मूळव्याधीत ताकाची महती सांगितली आहे आणि तीही रुग्णाची प्रकृती, अग्नी पाहून. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की ताक अन्न म्हणून जरूर घ्यावे. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी कमी असताना कच्च्या, उघड्यावर आंबलेल्या पदार्थांपासून दूर राहावे.

ज्याला खरोखर भक्कम पुरावा आहे त्या उपायाला कॅप्सूल लागत नाही. 2025 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या 889 रुग्णांपैकी निम्म्यांना केमोथेरपीनंतर तीन वर्षे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली नियमित व्यायाम करायला लावला. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण त्या गटात 80.3 टक्के, केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात 73.9 टक्के. त्यात पाठपुरावा करणारा माणूस होता, ही कळीची गोष्ट. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकापासून शस्त्रक्रियेनंतर लवकर खायला देणे, लवकर उठवून चालवणे यांचा आग्रह धरला, तोही आता जगभर स्वीकारला गेला आहे.

म्हणून माझी मागणी कॅप्सूलची नाही. एस्कोला मेदिका या जुन्या वैद्यकीय शाळेच्या 1842 पासूनच्या परंपरेत उभ्या राहिलेल्या गोमेकॉतून घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या हातात मराठी-कोंकणीत एक कागद असावा: आतड्याचा कोणता भाग काढला, किती काढला, पिशवी तात्पुरती की कायमची, दिवसाला किती वेळा भरली तर लगेच यावे. तुये आणि साखळीच्या इस्पितळात तो कागद वाचून पिशवी बदलायला शिकवणारी, ओआरएसचे माप दाखवणारी, व्यायामाचा पाठपुरावा करणारी एखादी प्रशिक्षित परिचारिका असावी.

आणि प्रोबायोटिकच्या पक्षाने चाचणी करावी. 2022 मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेची धारगळ येथील शाखा आणि गोमेकॉ यांनी मिळून ती केली तर फार चांगले. एका गटाला सरसकट कॅप्सूल, दुसऱ्याला जुळवलेली, तिसऱ्याला निर्जीव. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळू नये, डॉक्टरलाही नाही. यश शौचातल्या जिवाणूंच्या टक्केवारीत मोजू नये. किती जणांची जोड गळली, किती जण निर्जलीकरणाने परत दाखल झाले, किती जणांची केमोथेरपी वेळेवर पुरी झाली, हे मोजावे. जुळवलेली कॅप्सूल सरसकट कॅप्सूलहून सरस ठरली तर मी माझे मत बदलीन. तोवर त्या अहवालाचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत.